पस्तीस टक्के अनुदान: पैसा नेमका कुठे येतो आणि कधी

गावात पापड, लोणची, मसाले, गूळ, काजूगर, वेफर्स किंवा खवा बनवून विकणाऱ्या माणसाजवळ सरकारी अनुदानाचा विषय काढला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: पैसे खात्यावर कधी जमा होतात? प्रश्न साहजिक आहे. किसान सन्मानचे पैसे खात्यावर येतात, ठिबकचे अनुदान खात्यावर येते, पीकविम्याची भरपाई खात्यावर येते. मग उद्योगाचे अनुदानही तसेच येणार, असे धरून लोक चालतात. ते तसे येत नाही. एवढी एक गोष्ट आधी कुणी नीट सांगितली नाही, तर बरा चाललेला घरगुती धंदाही कर्जाच्या ओझ्याखाली येऊ शकतो.

इथे मुख्यतः एका योजनेबद्दल बोलू. तिचे पूर्ण नाव प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग उन्नयन योजना. कार्यालयात आणि बँकेत सगळे तिला पीएमएफएमई म्हणतात. २९ जून २०२० रोजी, आत्मनिर्भर भारत अभियानाचा भाग म्हणून, ती सुरू झाली. पाच वर्षांसाठी १०,००० कोटी रुपयांची तरतूद आणि २ लाख उद्योगांचे लक्ष्य होते. मूळ मुदत २०२४-२५ पर्यंतची होती, ती पुढे २०२५-२६ पर्यंत वाढवली. खर्चाचा ६० टक्के वाटा केंद्राचा आणि ४० टक्के राज्याचा. महाराष्ट्रात ही योजना कृषी विभाग राबवतो, त्यामुळे चौकशीची पहिली जागा म्हणजे तालुका कृषी अधिकारी कार्यालय. तिथे गेल्यावर आधी एवढेच विचारा: चालू आर्थिक वर्षाचा लक्ष्यांक, म्हणजे किती उद्योगांना लाभ द्यायचा तो आकडा, आला आहे का, आणि अर्ज घेणे सुरू आहे का? बाकीचे बोलणे त्यानंतर.

अशा योजनेची गरज का पडली, तेही पाहू. योजनेच्या मार्गदर्शक सूचनांमध्येच त्याचे आकडे आहेत. देशात सुमारे २५ लाख अन्नप्रक्रिया उद्योग कुठल्याही नोंदणीशिवाय चालतात. त्यांतले ६६ टक्के ग्रामीण भागात आहेत आणि सुमारे ८० टक्के घरातल्या माणसांच्या बळावर चालतात. अन्नप्रक्रिया क्षेत्रातला ७४ टक्के रोजगार हेच उद्योग देतात, आणि या क्षेत्राला मिळालेल्या कर्जातला त्यांचा वाटा मात्र अवघा ३ टक्के. म्हणजे कामाला लोक आहेत, हाताला चव आहे, गिऱ्हाईक आहे, पण बँकेच्या दारात उभे राहण्यासाठी लागणारा कागद नाही. हा कागद तयार करून घेणे आणि माणसाला बँकेपर्यंत नेणे हे योजनेचे खरे काम. अनुदान त्यासाठीचे प्रोत्साहन आहे. हे लक्षात घेतले की पुढचे नियम असे का आहेत ते आपोआप कळते.

पैसा कसा फिरतो

नियम सांगायला सोपा आहे: पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, पण जास्तीत जास्त १० लाख रुपये. स्वतःचा हिस्सा किमान १० टक्के. उरलेले बँकेचे कर्ज. कर्ज मंजूर झाले नाही तर अनुदानही नाही. सगळी रक्कम स्वतःच्या खिशातून घालून मशीन आणले आणि मग बिल घेऊन कार्यालयात गेलात, तर काहीही मिळत नाही.

समजा, एका कुटुंबाला मिरची कांडप आणि मसाल्याचा उद्योग वाढवायचा आहे. यंत्रे ६ लाखांची, शेडचे काम २ लाखांचे. एकूण ८ लाख. स्वतःचे १० टक्के म्हणजे ८० हजार. बँकेचे कर्ज ७ लाख २० हजार. अनुदान ३५ टक्के, म्हणजे २ लाख ८० हजार.

हे २ लाख ८० हजार कुटुंबाच्या बचत खात्यात कधीच येत नाहीत. कर्ज मंजूर होऊन वाटप झाले की बँक मागणी नोंदवते, केंद्र आणि राज्य आपापला वाटा पाठवतात आणि ती रक्कम कर्ज देणाऱ्या शाखेतच एका वेगळ्या राखीव खात्यात जाऊन बसते. त्याला हात लावता येत नाही. तेवढ्या रकमेवर बँकेने कर्जाचे व्याज लावायचे नसते, आणि ठेव म्हणून व्याज द्यायचेही नसते. कर्जाचा शेवटचा हप्ता उचलल्यापासून तीन वर्षे पूर्ण झाली, त्या दिवशी कर्ज खाते नियमित असेल आणि उद्योग चालू असेल, तरच ती रक्कम कर्जात वळती होते. तीन वर्षांच्या आत हप्ते थकून खाते एनपीए, म्हणजे थकीत, झाले, तर बँक ती थकबाकीपोटी वळती करून घेते.

‘शेवटचा हप्ता उचलल्यापासून’ या शब्दांकडे लक्ष द्या. इथे हप्ता म्हणजे बँकेकडून टप्प्याटप्प्याने उचललेली कर्जाची रक्कम, परतफेडीचा हप्ता नव्हे. कोटेशनप्रमाणे बहुतेक यंत्रे आली, पण पॅकिंग मशीनचे वीस-तीस हजार रुपये उचलायचे राहिले आणि त्यात वर्ष गेले, तर तीन वर्षांची मोजणीही वर्षभर पुढे गेली. ज्यांना हे माहीत नसते त्यांना वाटते बँक मुद्दाम अडवतेय.

आता हप्त्याचे गणित. ११ टक्के व्याज आणि पाच वर्षांची मुदत धरली, तर ७ लाख २० हजारांवर महिन्याचा हप्ता सुमारे १५,६५० रुपये होतो. अनुदान वजा जाता उरणाऱ्या ४ लाख ४० हजारांवर तो सुमारे ९,५७० रुपये. या दोन आकड्यांमध्ये सहा हजारांचा फरक आहे, आणि गावातल्या धंद्यात दर महिन्याला सहा हजार ही मोठी रक्कम असते. माझे म्हणणे असे, की प्रकल्प ठरवताना पहिलाच, मोठा आकडा धरा. अनुदान शाखेत जमा व्हायला वेळ लागू शकतो, आणि हप्ता कसा बांधायचा हे शाखा ठरवते. कर्जाच्या कागदांवर सही करण्यापूर्वी व्यवस्थापकांना एवढेच विचारा: हप्ता कोणत्या रकमेवर बांधला आहे, अनुदान जमा झाल्यावर व्याजाची आकारणी कशी बदलेल, आणि हे मला लेखी मिळेल का? साडेपंधरा हजारांचा हप्ता जो धंदा पेलू शकत नाही, तो या कर्जासाठी अजून तयार नाही. अशा वेळी प्रकल्प छोटा करावा. ३ लाखांच्या प्रकल्पालाही ३५ टक्केच मिळतात.

शेडचा मोह

पात्र खर्च म्हणजे काय, इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. जमिनीची किंमत त्यात येत नाही. कच्चा माल आणि मजुरीसाठी लागणारे खेळते भांडवल अनुदानाच्या हिशेबात येत नाही. यंत्रसामग्री येते. उद्योगासाठी लागणारे बांधकाम येते, पण ते पात्र प्रकल्प खर्चाच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त धरत नाहीत.

आपल्याकडे उद्योग म्हटले की आधी शेड डोळ्यांसमोर येते. पत्रा, फरशी, शटर, दर्शनी बोर्ड. शेड दिसते, गावाला कळते, म्हणून तिच्यावर खर्च करावासा वाटतो. समजा, कुणी ५ लाखांची यंत्रे आणि ५ लाखांची शेड असा १० लाखांचा प्रकल्प केला आणि मनात धरले की ३५ टक्के म्हणजे साडेतीन लाख मिळतील. हिशेब असा होतो: यंत्रांचे ५ लाख हे पात्र खर्चाचे ७० टक्के धरले, तर पात्र खर्च होतो सुमारे ७ लाख १४ हजार. त्याचे ३५ टक्के म्हणजे अडीच लाख. एक लाखाची तफावत, आणि ती घरातूनच भरावी लागते.

यातून एक सोपा आडाखा निघतो. शेडवर कितीही खर्च करा, अनुदान यंत्रांच्या किमतीच्या निम्म्यापेक्षा जास्त होत नाही. पाच लाखांची यंत्रे, तर जास्तीत जास्त अडीच लाख. दुकानदाराच्या कोटेशनवर पेन्सिलने निम्मी रक्कम लिहून ठेवा, वरची मर्यादा कळते. राहत्या घराला लागून असलेली स्वच्छ खोली, जुना गोठा नीट करून घेणे किंवा भाड्याची जागा यांनी सुरुवात होत असेल, तर शेड नंतर बांधता येते.

यंत्रांच्या कोटेशनबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. ‘कोटेशन वाढवून देतो, तुमचे १० टक्के आम्हीच दाखवतो, तुम्हाला काही घालावे लागणार नाही’, अशी ऑफर कुणी दिली तर तिथून उठून या. चार लाखांचे यंत्र सहा लाखांना दाखवले, तर कर्ज सहा लाखांच्या हिशेबाने डोक्यावर येते आणि हातात यंत्र चार लाखांचेच राहते. वरचे पैसे ज्याच्याकडे जातात तो पुढे हप्ते भरायला येत नाही. शिवाय बँकेला खोटा कागद दिल्याची जबाबदारी सही करणाऱ्यावर येते.

मिरचीचे पैसे कुठून आणायचे

यंत्र आले, वीज आली, परवाना आला, आणि धंदा थांबला, असे का होते? बहुतेक वेळा खेळत्या भांडवलामुळे. अन्नप्रक्रियेतला कच्चा माल हंगामी असतो. सुकी मिरची उन्हाळ्याच्या तोंडाला घ्यायची, कैरी एप्रिल-मे महिन्यांत, कोकम पावसाआधी, आणि विक्री मात्र वर्षभर थोडी थोडी. म्हणजे दोन-तीन महिन्यांत बराचसा पैसा मालात अडकतो आणि तो सुटायला पुढचे आठ-नऊ महिने लागतात. त्यातच किराणा दुकानदार महिना-दोन महिन्यांच्या उधारीवर माल ठेवतो. हप्ता मात्र दर महिन्याला ठरलेल्या तारखेलाच येतो.

म्हणून यंत्राच्या मुदत कर्जाबरोबरच कॅश क्रेडिटची, म्हणजे गरजेप्रमाणे उचलायच्या आणि परत भरायच्या कर्जाची, मर्यादाही त्याच वेळी मागावी. छोट्या उद्योगांसाठी बँकांमध्ये नायक समितीचा हिशेब रूढ आहे: अपेक्षित वार्षिक उलाढालीच्या किमान २० टक्के खेळते भांडवल बँकेने द्यावे आणि ५ टक्के उद्योजकाने घालावे. १५ लाखांची उलाढाल पटण्याजोग्या कागदांनी दाखवता आली, तर ३ लाखांची मर्यादा मागण्यात काही वावगे नाही. या रकमेवर अनुदान नाही, पण धंदा याच पैशावर फिरतो. प्रकल्प अहवालात महिन्यानुसार खरेदी आणि विक्रीचा तक्ता हवा, आणि तो स्वतः बसून भरलेला हवा. तयार अहवालात बाराही महिने सारखी विक्री दाखवलेली असते. लोणच्याचा धंदा करणाऱ्या बाईला विचारा, बाराही महिने सारखे कधी असतात का?

बचत गटांसाठी वेगळी वाट

या योजनेचा एक भाग बँकेच्या कर्जाशिवाय चालतो आणि त्याची चर्चा फार कमी होते. अन्नप्रक्रियेचे काम करणाऱ्या बचत गटातल्या महिलेला ४० हजार रुपयांपर्यंत बीज भांडवल मिळू शकते. एका गटाला जास्तीत जास्त ४ लाख. ते खेळत्या भांडवलासाठी आणि छोट्या अवजारांसाठी वापरायचे. शेवयांचे यंत्र, सीलिंग मशीन, वजनकाटा, किंवा डाळ आणि मसाल्याची एकगठ्ठा खरेदी.

ग्रामीण महाराष्ट्रात हे काम उमेद म्हणजे राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानामार्फत होते. पैसे गटांच्या संघाकडे येतात आणि संघ ते सदस्याला कर्ज म्हणून देतो. परतफेड संघाकडेच होते आणि तोच पैसा दुसऱ्या बहिणीला मिळतो. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या किंवा उन्हाळ्यात पापड-कुरडया करून देणाऱ्या बाईला सात लाखांच्या कर्जापेक्षा हे चाळीस हजार कितीतरी जास्त उपयोगाचे असतात. गावातल्या समुदाय संसाधन व्यक्तीला, म्हणजे आपल्या सीआरपी ताईंना, याबद्दल थेट विचारा.

गट, शेतकरी उत्पादक कंपनी किंवा सहकारी संस्था मिळून सामायिक सुविधा उभारणार असेल, तर ३५ टक्के दर तोच, मर्यादा ३ कोटींची. एकत्र ब्रँड आणि विक्रीसाठी खर्चाच्या ५० टक्के मदत आहे. ‘एक जिल्हा एक उत्पादन’ हाही योजनेचा भाग: कोल्हापूरला गूळ, जळगावला केळी, नागपूरला संत्री. सामायिक सुविधा आणि ब्रँडिंगसाठी त्याचे महत्त्व जास्त. वैयक्तिक अर्जासाठी तुमचे उत्पादन जिल्ह्याच्या यादीत नसले म्हणून मागे फिरू नका.

अर्ज आणि मदतनीस

अर्ज पीएमएफएमईच्या पोर्टलवर करायचा असतो. तो करून देण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात, त्यांना डीआरपी म्हणतात. प्रकल्प अहवाल करणे, अर्ज भरणे, बँकेत पाठपुरावा, अन्न परवाना आणि उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंद) हे सगळे त्यांच्या कामात येते. त्यांना त्याचे मानधन सरकार देते: कर्ज मंजूर झालेल्या प्रत्येक प्रकरणामागे २० हजार रुपये. निम्मे कर्ज मंजूर झाल्यावर, निम्मे नोंदण्या आणि प्रशिक्षण पूर्ण होऊन उद्योग उभा राहिल्यावर. अर्जदाराने फाइलचे पैसे देण्याची गरज नाही. उद्यम नोंदणी तर सरकारी पोर्टलवर मुळातच मोफत आहे. हे मी ठळकपणे सांगतो आहे, कारण गावात फाइलचा ‘रेट’ ही इतकी सवयीची गोष्ट झाली आहे की लोक न विचारताच पैसे काढतात.

अर्जदार १८ वर्षांवरील हवा आणि एका कुटुंबातून, म्हणजे नवरा, बायको आणि मुले यांतून, एकालाच लाभ मिळतो. अर्ज कुणाच्या नावे करायचा हे घरात बसून ठरवा. काम बाई करते आणि अर्ज नवऱ्याच्या नावे, असे सर्रास घडते. ज्याला धंद्याचा हिशेब तोंडपाठ आहे त्याच्या नावे अर्ज असेल, तर बँकेतली मुलाखतही सोपी जाते.

कागदांत आधार, पॅन, बँकेचे खातेउतारे, जागेचा आठ अ किंवा भाडेकरार आणि यंत्रांची कोटेशन्स ही नेहमीची यादी आहे. वेळ खातात त्या दोन गोष्टी. पहिली वीज. शेतीपंपाच्या कनेक्शनवर उद्योग चालवता येत नाही, आणि कांडप किंवा पल्व्हरायझरसाठी (दळण्याच्या यंत्रासाठी) बहुतेक वेळा थ्री फेज लागते. यंत्र येऊन पडले आणि मीटर नाही, अशा अवस्थेत हप्ते सुरू होऊ देऊ नका. महावितरणचा अर्ज कर्जाच्या अर्जाबरोबरच टाका. दुसरी गोष्ट सिबिल, म्हणजे तुमच्या कर्जफेडीचा इतिहास दाखवणारा अहवाल. भावाच्या ट्रॅक्टरला जामीन राहिलात आणि त्याचे हप्ते थकले, तर ते तुमच्या अहवालात दिसते. तडजोड करून मिटवलेले जुने कर्जही ‘सेटल्ड’ म्हणून राहते. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल मोफत मिळतो. अर्जाआधी तो काढा आणि भरलेले कर्ज थकीत दिसत असेल, तर संबंधित बँकेकडून दुरुस्त करून घ्या.

दुसरी एखादी योजना जास्त सोयीची ठरेल का, हेही एकदा तपासा. अगदी नवा उद्योग असेल, तर पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, हा पर्याय आहे. त्यात ग्रामीण भागातल्या महिलांना, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग आणि अल्पसंख्याकांना ३५ टक्के अनुदान आणि स्वतःचा हिस्सा फक्त ५ टक्के. सर्वसाधारण गटाला ग्रामीण भागात २५ टक्के आणि स्वतःचा हिस्सा १० टक्के. तिथेही रक्कम तीन वर्षे अडकलेली असते. मोठ्या प्रकल्पासाठी राज्याची मुख्यमंत्री कृषी व अन्न प्रक्रिया योजना आहे: ३० टक्के, कमाल ५० लाख. एकाच यंत्रावर दोन योजनांचे भांडवली अनुदान घेता येत नाही. व्याजसवलतीचे तसे नाही. कृषी पायाभूत सुविधा निधीत बसणाऱ्या प्रकल्पाला २ कोटींपर्यंतच्या कर्जावर सात वर्षांपर्यंत ३ टक्के व्याजसवलत मिळते, आणि ती पीएमएफएमईच्या जोडीने घेता येते.

बँक नाही म्हणाली तर

प्रकरण जिल्ह्यातून बँकेकडे गेल्यावर अडणे, ही या प्रवासातली सगळ्यात त्रासदायक पायरी. शाखेत ‘तारण काय देणार?’ हा प्रश्न येतोच. रिझर्व्ह बँकेचे निर्देश असे आहेत, की सूक्ष्म आणि लघुउद्योगांच्या निदान १० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकांनी तारण मागू नये. यंत्रे बँकेकडे नजरगहाण राहतात (वापर तुमचा, पण कर्ज फिटेपर्यंत हक्क बँकेचा), आणि बँकेला हमी हवी असेल तर सीजीटीएमएसई ही पतहमी योजना त्यासाठीच आहे. शाखेत आवाज न चढवता, पण ठामपणे हे सांगा. निदान त्या वाक्यावर फाइल परत येऊ नये.

तरीही नकार मिळाला, तर कारण लेखी मागा. ‘साहेब नाही म्हणाले’ एवढ्यावर घरी येऊ नका. कारण सिबिलचे असेल, तर वेळ घेऊन ते दुरुस्त होते. उलाढाल दिसत नाही असे असेल, तर सहा महिने सगळी विक्री क्यूआर कोडवर किंवा खात्यातून घ्या आणि तो उतारा जोडून पुन्हा अर्ज करा. रोखीत चालणाऱ्या चांगल्या धंद्याचा बँकेकडे कसलाच पुरावा नसतो. शाखा तुमच्या गावाला सेवा देत नाही असे कारण असेल, तर डीआरपींना सांगून अर्ज दुसऱ्या बँकेकडे पाठवता येतो. आणि कारणच मिळत नसेल, किंवा फाइल महिनोन्महिने हलत नसेल, तर प्रत्येक जिल्ह्यात अग्रणी बँकेचे, म्हणजे जिल्ह्यातल्या बँकांच्या कामाचा समन्वय पाहणाऱ्या बँकेचे, व्यवस्थापक असतात. अर्ज क्रमांक, शाखेचे नाव आणि तारखा लिहून त्यांच्याकडे अर्ज द्या, त्याची प्रत जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांना द्या, आणि दोन्हीकडून पोहोच घ्या.